बाहेरच्या बाकावरची माणसं

चि. मुक्ता हिस,


एम.फिल. पूर्ण झालं, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीचा अर्जही गेला, हे तुझ्या पत्रातून कळलं. फार बरं वाटलं. पत्राच्या शेवटी मात्र तू लिहिलंयस की स्वतःची खोली झाली की नातेवाइकांना सरळ बाहेर बसवायचं आणि पेशंटशी एकट्यानंच बोलायचं. या बेतामागचा वैताग मला समजतो. ओपीडीत दोन वर्षं तू तेच पाहिलंस. मुलाला नाव विचारावं तर आई सांगते, झोप लागते का विचारावं तर वडील सांगतात, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत मुलगा पंख्याकडे बघायला लागलेला असतो. आईच्या मांडीवर फाइल, फाइलवर गोळ्यांची प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्या पिशवीची गाठ ती सारखी सोडते नि बांधते. तरीही हा बेत चुकीचा आहे असं माझं मत आहे. ते कशावरून बनलं, तेवढंच या पत्रात लिहिते.

आपलं शिक्षण एका माणसावर बेतलेलं असतं. चाचणी एकाची, निदान एकाचं, फाइलवर नाव एकाचं. आपल्याकडे दवाखान्यात येण्याचा निर्णय मात्र क्वचितच एकाचा असतो. कुणाकडे जायचं हे काका ठरवतात, रजा वडील टाकतात, फी थोरला भाऊ देतो, आणि गोळी खाल्ली की जिभेखाली ठेवली हे आई बघते. आठवड्याचे तास १६८. त्यातला एक तुझा, उरलेले १६७ त्या घराचे. त्या १६७ तासांत काय होतं हे कळायची सोय तू स्वतःच बाहेरच्या बाकावर बसवणार असशील, तर तुझ्या एका तासाकडून फार अपेक्षा ठेवू नयेस.

यावर तू म्हणशील की घरच्यांमुळेच तर पोरगा आजारी पडला, त्यांना आत घेऊन काय साधणार? ही समजूत तुझ्या आधी फार मोठमोठ्या माणसांची होती. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजाराचं मूळ घरातल्या परस्परविरोधी संदेशांत शोधलं. दोन्ही माणसं बुद्धिमान, हेतूही चांगले. पण आई आजार निर्माण करते हा दावा पुराव्यावर टिकला नाही. तो टिकत नाही हे कळेपर्यंत एका पिढीतल्या किती आयांनी मुलाच्या आजाराबरोबर हा ठपकाही डोक्यावर वाहिला असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. (आपल्या व्यवसायानं माफी मागावी अशा गोष्टींची यादी केली, तर ही बरीच वर असेल.) कुटुंबाला आत बोलावणं म्हणजे आरोपीला समन्स पाठवणं नव्हे, एवढं या इतिहासातून घे.

मग कुटुंबाचा संबंध नेमका काय? याचं उत्तर शोधायला सुरुवात केली ती जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञानं, १९५० च्या दशकात, लंडनमध्ये. इस्पितळातून घरी सोडलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं पुढं काय होतं हे तो पाहत होता. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. हा निष्कर्ष कुणालाच आवडण्यासारखा नव्हता. ब्राउन आणि त्याच्यामागून आलेल्या संशोधकांनी तो नुसता मांडून सोडला नाही. घराघरांत जाऊन, रुग्ण समोर नसताना नातेवाइकांशी तास-दीड तास बोलून, ते बोलणं टेप करून त्यांनी मोजलं: टीकेची वाक्यं किती, तुच्छता किती, अतिरेकी भावनिक गुंतवणूक किती, माया किती. ख्रिस्तीन व्हॉन आणि जुलियन लेफ यांनी १९७६ मध्ये आपले आणि आधीच्या पाहणीचे मिळून १२८ रुग्णांचे आकडे मांडले. जिथं टीका, तुच्छता किंवा गुंतवणूक जास्त, त्या घरांतले ५१ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पुन्हा आजारले. जिथं कमी, तिथले १३ टक्के. आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर सहवास असला आणि गोळ्याही बंद असल्या की अशा तापलेल्या घरातला धोका आणखी वाढे. यातून घर आजार निर्माण करतं असं निघत नाही. आजार आधीच आलेला असतो. घर म्हणजे त्याला मिळालेलं हवामान.

या मोजणीत शब्दांइतकंच महत्त्व आवाजाला होतं, आणि इथं मराठी घरं ऐकायची सवय तुझ्या उपयोगी पडेल. ‘जेवलास का?’ हे एकच वाक्य घे. दारातून चपला काढता काढता विचारलेलं ‘जेवलास का?’ म्हणजे माया. तेच तासात चौथ्यांदा, ताट हातात घेऊन, अठ्ठावीस वर्षांच्या मुलाच्या तोंडाजवळ घास नेत विचारलं की ती गुंतवणूक झाली. आणि ‘जेवलास का? का तेही आम्हीच सांगायचं?’ ही टीका. केस हिस्टरीत तिन्हींची नोंद एकच होते: ‘आई जेवणाची काळजी घेते.’ आणखी एक शब्द कान देऊन ऐक, तो म्हणजे ‘आळशी’. नातेवाइकांची टीका रुग्णाच्या भासांवर किंवा विचित्र बोलण्यावर फारशी नसते, असं या संशोधनात दिसलं; ते तर उघड आजारपण असतं. टीका होते ती अंघोळ न करण्यावर, दुपारपर्यंत लोळण्यावर, कामाला हात न लावण्यावर. हीदेखील आजाराचीच लक्षणं आहेत हे घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सांगायचं कुणी? ज्यांनी सांगायचं त्यांनी त्यांना बाहेर बसवलेलं असतं.

सांगून फरक पडतो याचाही पुरावा आहे. १९८२ मध्ये लेफ आणि सहकाऱ्यांनी अशा तापलेल्या २४ घरांवर एक प्रयोग केला. गोळ्या सगळ्यांनाच चालू होत्या. निम्म्या घरांना आजाराची माहिती, नातेवाइकांच्या गटबैठका आणि घरी जाऊन बोलणं असं मिळालं. निम्म्यांना नेहमीचे उपचार. नऊ महिन्यांत दुसऱ्या गटातले निम्मे रुग्ण पुन्हा आजारले, पहिल्या गटात ते प्रमाण दहात एकाच्या आसपास राहिलं. प्रयोग लहान होता, हे खरं. पण पुढं अनेक ठिकाणी झालेल्या कामाची दिशा तीच राहिली. आणि हे सगळं साहेबाच्या देशातलं म्हणून बाजूला सारू नकोस. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं होतं आणि त्यांना उपचारात ओढलं होतं. वेल्लोरला मानसिक आरोग्य केंद्रात रुग्णाबरोबर घरचं माणूस राहील ही पद्धतच पडली. लेफ आणि डॉ. नरेंद्र विग यांची चंदीगडची पाहणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिथल्या नातेवाइकांत ‘तापलेले’ चौथ्या हिश्श्याहूनही कमी निघाले, लंडनपेक्षा बरेच कमी. ते वाचून आपल्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गायला लागू नकोस. त्याच पाहणीत घरच्यांची तुच्छता आणि आजार उलटणं यांचा संबंध स्पष्ट दिसला होता. माणसं जास्त असली म्हणजे माया जास्त असते असं नाही. टोमणे मारणारी तोंडंही जास्त असू शकतात.

आता तुझा खरा आक्षेप, जो तू पत्रात लिहिला नाहीस पण मनात असणार: मग पेशंटच्या खासगीपणाचं काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिला आहे, त्याच्या बापाला नाही. सज्ञान माणूस आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडू शकतो. तो नवरा किंवा वडीलच असला पाहिजे असं कुठंही म्हटलेलं नाही. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत, ते तुला पाठ असतीलच. पण माहिती आत येऊ देणं आणि माहिती बाहेर जाऊ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईचं ऐकायला मुलाचं गुपित फोडावं लागत नाही. आजार काय असतो, ‘आळशी’ म्हटल्यानं काय होतं, गोळी चुकली तर काय करायचं, हे सांगताना सेशनमधलं एक अक्षरही उघड होत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत, सगळे समोर असताना सांगून टाक: काय या खोलीत राहील, काय मी सांगेन, आणि सांगायच्या आधी कुणाला विचारेन. मग थोडा वेळ सगळ्यांबरोबर, थोडा वेळ पेशंटशी एकट्याशी. त्याला नको असेल तर घरच्यांना आत घेऊ नकोस. पण तो नको म्हणत नसताना, केवळ तुला सोयीचं म्हणून, त्यांना बाहेर बसवू नकोस.

नवराबायकोचं काम याहून वेगळं. तिथं फाइलवर नाव कुणाचं हेच ठरलेलं नसतं. दोघंही दुसऱ्याला पेशंट म्हणून घेऊन आलेले असतात. ‘मॅडम, तुम्हीच समजवा आता हिला’ या वाक्यानं सुरुवात होते, आणि ज्या क्षणी तू समजवायला लागतेस त्या क्षणी तू त्याची वकील झालीस. एकेकट्याला भेटणार असशील तर आधीच सांग की एकानं सांगितलेलं दुसऱ्यापासून कायमचं लपवायची जबाबदारी मी घेणार नाही. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात तुझ्याकडे एक प्रेमप्रकरण असेल आणि तोंडाला कुलूप. अपेक्षाही बेताची ठेव. अमेरिकेत क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी १३४ त्रस्त जोडप्यांना उपचार देऊन पाच वर्षं मागोवा घेतला. निम्म्याच्या आसपास जोडपी सावरली आणि जवळपास पाव जोडपी वेगळी झाली. वेगळं होणं हे दर वेळी तुझं अपयश नसतं.

आणि एक जागा अशी आहे की तिथं आतापर्यंत लिहिलेलं सगळं उलटं करायचं. मारहाण. दोघांना एकत्र बसवून ‘तुमचं दोघांचं काय चुकतंय’ असं विचारलंस, तर घरी गेल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर मार खाणाऱ्या बायकोला द्यावं लागेल. म्हणून प्रत्येक जोडप्यातल्या प्रत्येकाशी पहिल्या भेटीत काही मिनिटं एकट्यानं बोल, आणि थेट विचार: हात उचलला जातो का? घरी जायची भीती वाटते का? कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत समुपदेशनाबद्दल एक तरतूद आहे: हिंसेचं कसलंही समर्थन समुपदेशनात चालणार नाही, आणि हे संबंधित माणसाला काम सुरू व्हायच्या आधीच सांगायचं. न्यायाधीशानं पाठवलेलं प्रकरण नसलं तरी ही तरतूद तू आपली मान. तटस्थ राहायचं ते दोन बाजूंमध्ये. मार खाणं ही बाजू नव्हे.

तू म्हणशील, एवढा वेळ कुणाकडे आहे? फी एका तासाची, आणि बाहेर पुढचा पेशंट बसलेला. खरं आहे. म्हणून सगळ्यांना दर वेळी आत घे असं मी म्हणत नाही. पहिल्या दोन भेटी आणि पुढं महिन्यातून एकदा, एवढंही पुष्कळ होतं.

खोलीचं जमलं की कळव. खुर्च्या एकाच उंचीच्या घे, निदान चार. आणि बाहेरचा बाक दारापासून लांब ठेवायला सांग. जुन्या इमारतींतल्या दारांना खाली फट असते, आवाज सगळा बाहेर जातो.

तुझी,
आत्या