चहा झाला की झाली?



आपल्या इंदूरच्या घरांत चहा ज्याच्या त्याच्या आवडीचा असतो. कुणाला आले हवे, कुणाला गवती चहा. दाणेदार चहा दूध-साखरेत उकळला तरी चालतो. दार्जिलिंगची पाने मात्र उकळू नयेत. उकळते पाणी ओतून तीन-चार मिनिटे झाकावीत, नाहीतर चहा कडू होतो. आले आधी पाण्यात उकळावे, मग दूध घालावे, म्हणजे दूध फाटत नाही.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. मीही ‘चहा झाली’ म्हणत असे. हिंदीत चाय स्त्रीलिंगी, मराठीत चहा पुल्लिंगी. आईने चहा गाळता गाळता माझी ही चूक सुधारली. पुस्तकाने नव्हे.

गृहपाठ : आज घरी प्रत्येकाची आवड विचारा, मोठ्यांसमवेत चहा करा आणि मोठ्याने सांगा, “चहा झाला!”