श्वासनलिकेतील अर्बुद : शस्त्रक्रियेपूर्वीची मोजणी

दम्याची औषधे चालू असूनही धाप कमी होत नाही आणि श्वास आत घेताना शिटीसारखा आवाज येतो, अशा एखाद्या रुग्णाच्या श्वासनलिकेत अर्बुद आढळते. विकार विरळा, म्हणूनच तो कित्येक महिने दमा समजला जातो. नलिकेचा निम्म्याहून अधिक मार्ग बुजेपर्यंत रुग्णास फारसा त्रास जाणवत नाही. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रातही हे अर्बुद सहज नजरेतून सुटते.

श्वासनलिका स्वरयंत्राखाली सुरू होऊन सुमारे ११ सेंटिमीटरांवर दोन शाखांत विभागते. रोगग्रस्त भाग कापून उरलेली टोके जोडणे, हा शक्य असेल तेथे मुख्य उपचार होय. तिच्या जागी बसविता येईल अशी खात्रीची कृत्रिम नळी अद्याप उपलब्ध नाही. प्रौढांत साधारणतः निम्मी लांबी काढता येते. त्याहून अधिक काढल्यास जोडावर ताण येऊन तो उसवण्याचा धोका असतो. सारा निर्णय असा काही सेंटिमीटरांवर येऊन ठेपतो.

ही मोजणी सी. टी. स्कॅनमुळे सुकर झाली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. आजची यंत्रे रुग्णाने एकदा श्वास रोखून धरला असता तेवढ्यात संपूर्ण छातीचे, मिलिमीटरभर जाडीचे छेद घेतात. संगणक ते जुळवून नलिकेचा उभा छेद दाखवितो. अर्बुद स्वरतंतूंपासून किती दूर, दुभाजनापासून किती वर, अन्ननलिकेत वा मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरले आहे काय, हे शल्यविशारदास त्यावरून कळते. जेथे मार्ग अरुंद झाल्याने दुर्बीण पुढे जात नाही, तेथील पलीकडचा भागही दिसतो. मात्र मार्ग फारच बुजला असेल, तर रुग्णास उताणे निजविणेच धोक्याचे ठरते. अशा वेळी आधी श्वास सुरक्षित करावा लागतो, चित्र नंतर.

तरीही चित्रावर पूर्ण विसंबता येत नाही. धूम्रपानाशी निगडित असलेला स्क्वॅमस पेशींचा कर्करोग आणि ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हे येथील दोन प्रमुख प्रकार. यांपैकी दुसरा अंतस्त्वचेखालून व मज्जातंतूंच्या कडेने सरपटत जातो. चित्रात तीन सेंटिमीटर दिसणारे अर्बुद प्रत्यक्षात त्याहून लांब असू शकते. यास्तव दुर्बिणीने तुकडा काढून तपासतात आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच कापलेल्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कडेला काही पेशी उरल्याच, तर या प्रकारात जोड ताणण्यापेक्षा त्या तशाच ठेवून पुढे किरणोपचार देणे अनेकदा पसंत केले जाते.