उन्हाळी परसबाग : आधी पान उलटून पाहा, मग फवारा

एप्रिल-मेमध्ये परसातले झाड मलूल दिसले की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. पण या दिवसांत पाने माना टाकतात ती पुष्कळदा उन्हामुळे. दुपारी कोमेजलेले झाड संध्याकाळी आपोआप टवटवीत झाले, तर ते ना तहानलेले असते ना किडलेले. त्याला भर दुपारी पुन्हा पाणी घातले तर मुळे कुजतात. पानाच्या कडा करपल्या असतील तर दोष उन्हाचा. कीड असेल तर ती बहुधा पानामागे किंवा कोवळ्या शेंड्यात सापडते.

पाणी आणि सावली

पाणी सकाळी लवकर द्यावे. मातीत दोन पेरे बोट घालावे, ओल लागली तर थांबावे. कुंडीत पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचे दोन-तीन बोटे जाडीचे आच्छादन करावे. गच्चीवरच्या कुंड्या विटांवर ठेवाव्यात आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळावे. नाजूक रोपांवर 50 टक्के सावलीची शेडनेट पुरते. युरियाचा मारा टाळावा, कारण लुसलुशीत वाढीवर मावा आणि पिठ्या ढेकूण लवकर येतात.

स्वयंपाकघराजवळची झाडे

कोथिंबीर उन्हात लवकर फुलोऱ्यावर येते. म्हणून धणे रगडून दोन फाके करावेत, रात्रभर भिजवून सावलीत पेरावेत आणि पाला कोवळा असतानाच काढावा. पुदिन्याला अर्धी सावली आणि सतत ओल हवी. गवती चहा मात्र भर उन्हातही तग धरतो. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या की झाड फुटते. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवी होणारी अळी लिंबावरच्या फुलपाखराची असते. ती हाताने वेचली तरी भागते.

फुलझाडे

मोगऱ्याला फुले नव्या फुटीवर येतात. एक बहर ओसरला की शेंडे हलके छाटावेत आणि मूठभर शेणखत द्यावे. कळ्या जांभळट होऊन एकमेकींना चिकटल्या असतील तर आत कळी पोखरणारी अळी आहे असे समजावे. अशा कळ्या तोडून नष्ट कराव्यात, झाडाखाली पडू देऊ नयेत.

कीड ओळखा, मग उपाय

*लाल कोळी* : कोरड्या, धुळीच्या हवेत वाढतो. पानावर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसते. पांढऱ्या कागदावर पान झटकले की हलणारे ठिपके पडतात. सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारावा. कोळ्यासाठी गंधक वापरतात, पण कडक उन्हात त्याने पाने भाजतात.

*पिठ्या ढेकूण* : जास्वंदीवर कापसासारखे पुंजके दिसतात. मुंग्या त्याचा चिकट गोडवा खातात आणि त्याची राखण करतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडावी. पुंजके ओल्या फडक्याने पुसावेत, फार किडलेली फांदी छाटावी. याला खाणारा क्रिप्टोलेमस हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून 1898 मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळीही पांढरी आणि कापसासारखीच असते, पण ती ढेकणापेक्षा मोठी आणि चपळ असते. तिला मारू नये.

*फुलकिडे आणि पांढरी माशी* : फुलकिड्यांसाठी निळे आणि माशीसाठी पिवळे चिकट सापळे झाडाच्या उंचीवर टांगावेत.

फवारणीच लागली तर

50 ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी, त्यात एक-दोन ग्रॅम साबण विरघळवावा. हा अर्क सूर्यप्रकाशात लवकर निकामी होतो, म्हणून ऊन उतरल्यावर पानांच्या मागून फवारावा आणि त्याच दिवशी संपवावा. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस पाहावे. आठवड्याने पुन्हा फवारणी करावी. तुळस, पुदिना, कोथिंबीर यांवर घरातील झुरळ-डासांचे औषध कधीही मारू नये.

कडुनिंबाच्या पिकलेल्या निंबोळ्या जूनच्या सुमारास गळू लागतात. त्या गोळा करून गर काढावा, बिया सावलीत वाळवून हवेशीर पिशवीत ठेवाव्यात. पुढच्या उन्हाळ्याचे औषध घरच्या घरी तयार होते.