आवाज कोठून आला?

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वर्गात काही नवे ऐकले की ते आमच्या घराशिवाराशी ताडून पाहण्याची मला सवय लागली आहे. मानसशास्त्राच्या तासाला श्रवणाचा भाग चालू असताना, आवाजाची दिशा माणसाला कशी कळते, असा प्रश्न निघाला आणि मला गंगाखेडकडचे आमचे रान आठवले.

ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांपासून ती राखावी लागते. वडील आणि मी रात्री माळ्यावर बसत असू. काळोखात खसफस झाली की मी नेमकी त्याच बाजूला बॅटरी मारी. वडील मात्र मान इकडेतिकडे फिरवीत आणि विचारीत, "कोन्या अंगानं हाय रं?" लहानपणी कान वाहून त्यांचा डावा कान गेलेला आहे. पण उजव्या कानाने बारीक आवाजही ऐकू येतो, मग दिशा का कळू नये? एकदा मी त्यांच्यावर चिडलोही होतो.

याचे उत्तर मला अभ्यासात मिळाले. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर फार तर सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी सहा-सात भाग असतो, तरी मेंदू तो ओळखतो. शिवाय बारीक, उंच पट्टीचे आवाज डोक्याआड अडतात व पलीकडच्या कानाला मंद ऐकू येतात. लॉर्ड रॅले यांनी 1907 साली या दोन गोष्टी एकत्र मांडल्या.

परंतु आवाज बरोबर समोरून आला काय किंवा पाठीमागून आला काय, दोन्ही कानांना तो एकदमच पोचतो. मग पुढचे-मागचे कसे कळते? हे काम बाह्यकर्णाच्या घड्यांचे आहे. आवाज त्यांवर आपटून आत जाताना काही पट्ट्या वाढतात, काही दबतात, आणि दिशेप्रमाणे हा फरक बदलतो. वसतिगृहात आम्ही एका मित्राचे डोळे बांधून काड्यापेटी वाजवली. नंतर कानाचे छिद्र मोकळे ठेवून फक्त घड्या भिजवलेल्या कणकेने बुजवल्या. उजवे-डावे त्याने अचूक सांगितले. वर-खाली आणि पुढे-मागे मात्र तो चुकू लागला!

शास्त्रज्ञ हा फरक मोजतात. माणसाच्या कानाच्या तोंडाशी चिमुकला मायक्रोफोन बसवून निरनिराळ्या दिशांनी आवाज सोडतात आणि तो कानाशी पोचेपर्यंत किती बदलला ते नोंदवतात. या नोंदीला 'हेड रिलेटेड ट्रान्स्फर फंक्शन' असे नाव आहे. अमेरिकेत 1972 साली सरासरी मापांचा 'केमार' नावाचा पुतळा तयार झाला. 1994 साली एमआयटी या संस्थेत त्याच्या कानांशी 710 दिशांची मोजणी झाली. पण सरासरी कान कोणाचाच नसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेने 2001 साली 43 व्यक्तींच्या, प्रत्येकी 1250 दिशांच्या मोजण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत प्रत्येकाचा नमुना वेगळा निघाला. हेडफोनमधून दुसऱ्याच्या कानांच्या मापाने आवाज ऐकवला, तर पुढचा आवाज मागून आल्यासारखा वाटू शकतो.

मात्र मेंदू नवे कान शिकतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी 1998 साली काही जणांच्या कानांत साचे बसवून घड्यांचा आकार बदलला. आरंभी त्यांना वर-खाली कळेना. काही आठवड्यांत कळू लागले, आणि साचे काढल्यावर जुने कानही विसरले गेले नव्हते.

वडिलांजवळ तुलनेला दुसरा कानच नाही. म्हणून ते मान फिरवतात आणि कोणत्या बाजूला वळल्यावर आवाज वाढतो ते पाहतात. तो त्यांचा गोंधळ नव्हता. ती त्यांची मोजणी होती. आपल्या वर्गातही एखादा विद्यार्थी हाक मारल्यावर भलतीकडे पाहत असेल, तर त्याचे लक्ष नाही असे आपण लगेच ठरवू नये, एवढेच मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

मी परभणीला आल्यापासून वडील माळ्यावर एकटेच बसतात. संक्रांतीला गावी गेलो तेव्हा त्यांना हे सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ती माझी खोड नव्हती म्हन." त्या रात्री मी त्यांच्या डाव्या अंगाला बसलो.