आठवण कोठे तुटते?

'विसरलो' हा एकच शब्द आपण तीन निराळ्या गोष्टींना लावतो, आणि सगळा घोटाळा तेथून सुरू होतो. कीर्तन ऐकून घरी गेलेला श्रोता म्हणतो, दृष्टांत विसरलो. वीस वर्षे हरिपाठ म्हणणारा टाळकरी म्हणतो, मधलाच चरण विसरलो. आणि म्हाताऱ्या बापाविषयी मुलगा डोळ्यांत पाणी आणून सांगतो, ते मलाच विसरले. शब्द एक, पण पहिल्याच्या पडशीत काही पडलेच नव्हते. दुसऱ्याच्या पडशीत आहे, पण हाताला लागत नाही. आणि तिसऱ्याची पडशीच विरली आहे. तिघांना एकच औषध कसे चालेल?

आमच्या पाठशाळेत तर्कसंग्रह शिकविताना गुरुजी स्मृतीचे प्रकरण घटकाभरात उरकीत. अनुभव झाला की त्याचा संस्कार मागे राहतो, आणि तो संस्कार जागा झाला की जे ज्ञान होते ती स्मृती. नैयायिक या संस्काराला भावना म्हणतात आणि त्याला जागे करणाऱ्याला उद्बोधक. ऐकायला सोपे. पण यात तीन पायऱ्या आहेत: घेणे, ठेवणे आणि काढणे. आठवण तुटली तर यांतील कोणती पायरी मोडली, हे आधी पाहावे. मग दोष कोणाला द्यायचा ते ठरवावे.

आता पहिली पायरी. न्यायशास्त्रात मन अणु मानले आहे. एका वेळी एकाच इंद्रियाशी ते जोडले जाते. म्हणजे कान कीर्तनात आणि मन खिशात थरथरणाऱ्या मोबाईलपाशी असेल, तर शब्द कानावर पडूनही अनुभवच होत नाही. जो अनुभव झाला नाही त्याचा संस्कार कोठून येणार? अशा माणसाने 'माझी स्मरणशक्ती गेली' म्हणणे म्हणजे पेरलेच नाही त्या शेतात पीक बुडाल्याची तक्रार करण्यासारखे आहे. शिवाय मनाची ओंजळ लहान. अमेरिकेतील जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली लिहिले की एकदा ऐकून माणूस सात-आठ सुट्या गोष्टी धरू शकतो. पुढच्या संशोधकांनी तो आकडा चारापर्यंत खाली आणला. मात्र सुट्या गोष्टी एकत्र बांधल्या की गाठोडे एकच मोजले जाते. म्हणूनच छंद, यमक आणि चाल यांत बांधलेला चरण ओंजळीत मावतो, आणि तेवढ्याच अक्षरांची सुटी यादी मावत नाही.

दुसरी पायरी ठेवण्याची. येथे जर्मनीतील एबिंगहाऊस या गृहस्थाचे नाव घेतले पाहिजे. त्याने निरर्थक अक्षरांच्या याद्या केल्या, स्वतःच त्या पाठ केल्या, आणि ठराविक वेळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजले. १८८५ साली त्याने ग्रंथ छापला. तासाभराने शेकडा ४४ श्रम वाचले, दिवसाने ३४, महिन्याने २१. नीट पाहा: पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक गेले, आणि पुढच्या अख्ख्या महिन्यात त्या मानाने थोडेच. अर्थ असलेली गोष्ट इतक्या लवकर जात नाही, हे खरे; पण उतार असाच असतो, आधी तुटलेला कडा आणि मग सपाटी. मग एका बैठकीत पंधरा वेळा घोकण्यापेक्षा आज पाच, उद्या पाच, आठवड्याने पाच अशी आवर्तने केली तर तीच मेहनत जास्त टिकते.

कोणी म्हणेल, "महाराज, आम्ही तर रोज पोथी वाचतो, तरी पाठ होत नाही." रोज वाचता म्हणूनच होत नाही! पोथी उघडी असली की ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीची वाटली की 'येते' असा भास होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून कागद मिटून आठवला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा मिटून आठवणारे पुढे. आमचे गुरुजी संथा दिल्यावर पुस्तकावर हात ठेवीत आणि "आता म्हण" म्हणत. त्यांनी हा प्रयोग वाचलेला नव्हता. अडखळत, घाम गाळीत आठविण्यातच संस्कार खोल जातो. आणि रात्री पाठ करून सरळ झोपावे. झोपेत विसरणे कमी होते, हे १९२४ सालच्या प्रयोगापासून लोकांना माहीत आहे. जागरण करून पाठांतर करणाऱ्यांचे आम्हाला नवल वाटते.

तिसरी पायरी काढण्याची, आणि आमच्या मते सर्वांत मौजेची. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात गौतमांनी आठवण जागी करणारी २७ कारणे मोजली आहेत. एकाग्रता आणि अभ्यास तर आहेतच. पण साम्य, विरोध, वियोग, सुख, दुःख, भय, इच्छा, द्वेष हीही आहेत. त्यांत आनंतर्य आहे, म्हणजे एकामागून एक येणे. टाळकऱ्याचा चरण सुटला की तो पहिल्यापासून सुरुवात करतो आणि मग आपोआप येते, ते या आनंतर्याच्या बळावर. साम्य मात्र दुधारी आहे. दोन अभंगांत एकसारखा चरण असला की माणूस एकात शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो! ती विसर नव्हे, वाट चुकणे आहे. जेथे वाटा फुटतात तेवढीच जागा दोन्हीकडून घोटावी. वैदिकांनी हे फार पूर्वी ओळखले. क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी असे जोडत जातात. घनपाठात तीच पदे उलटसुलट फिरवितात. कारण तुटते ते पद नव्हे, सांधा तुटतो.

आता त्या म्हाताऱ्या बापाकडे येऊ. आज काय जेवले ते आठवत नाही, नातवाला परका समजतात, पण टाळ हाती दिला की हरिपाठ बिनचूक. घरात कुजबुज होते, "सोंग करतात." हे सोंग नव्हे. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर १९५३ साली फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा अंश काढला गेला. त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत नवी घटना त्याच्या ध्यानात राहिली नाही. पण ब्रेंडा मिल्नर या बाईंनी त्याला आरशात पाहून तारा गिरविण्यास दिले, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारला. आपण हे पूर्वी केले आहे हे मात्र त्याला एकदाही आठवले नाही. म्हणजे कोठार एक नाही. अल्झायमरच्या रोगात हाच भाग आरंभी पोखरला जातो; म्हणून कालचे आधी जाते, आणि साठ वर्षे गळ्यात आणि हातात मुरलेले बरेच मागाहून.

संस्कार आत्म्यावर की मेंदूत, हा वाद येथे उकरीत नाही. वीणेची तार तुटली म्हणून वीणेकरी राग विसरला असे होत नाही, एवढे सांगतो. अशा घरांतून आम्हाला एक प्रश्न फार भीतभीत विचारला जातो: यांना अंतकाळी नाम आठवले नाही तर? वैष्णवांत वराहचरमश्लोक म्हणून एक वचन प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की धडधाकट असताना ज्याने चिंतन केले, त्याची शुद्ध हरपल्यावर आठवण ठेवण्याचे काम देव स्वतःकडे घेतो. हे वचन आम्ही त्या मुलांना सांगतो, आणि त्यांचा चेहरा बदललेला पाहतो.

पण वचन सांगून डॉक्टर टाळू नये. ब १२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचा विकार, मनाची खिन्नता, काही औषधे यांनीही आठवण ढासळते, आणि यांपैकी पुष्कळ सुधारते. 'वय झाले' म्हणून बसू नये. आधी तपासून घ्यावे. आणि घरी गेल्यावर "बाबा, ओळखा बघू मी कोण?" ही परीक्षा बंद करावी. समोर बसावे, "बाबा, मी तुमचा धाकटा, शेतावरून आलो," असे आपणच सांगावे, आणि टाळ त्यांच्या हाती द्यावा.