‘हे आधीच का नाही केले?’ – सायकलीचे थोडे पदार्थविज्ञान

तुमच्यापैकी पुष्कळजण शाळेत सायकलने जात असतील. वर्षानुवर्षे सायकल चालवणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाला तुम्ही सहज विचारून पाहा, “सायकलीच्या बाबतीत कोणती गोष्ट आधी केली असती, तर बरे झाले असते?” उत्तरे बहुधा ठरावीकच येतील. कोणी म्हणेल, सीट वेळेवर उंच केली असती तर गुडघे दुखले नसते. कोणी म्हणेल, दर आठवड्याला हवा भरली असती तर निम्मे कष्ट वाचले असते. आणि कोणी हाताच्या कोपरावरचा जुना व्रण दाखवून म्हणेल, ब्रेक कसा लावायचा हे आधी शिकलो असतो तर!

गंमत अशी, की यातल्या एकाही सुधारणेला नवी सायकल घ्यावी लागत नाही. पाना, पंप, तेलाचे चार थेंब आणि तुम्ही वर्गात शिकता तेवढे पदार्थविज्ञान पुरते. मग त्यासाठी मोठे होईपर्यंत कशाला थांबायचे? एकेक गोष्ट पाहू या.

सीट किती उंच असावी?

दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले म्हणजे सीट बरोबर बसली, असे पुष्कळांना वाटते. पण सायकल उभी राहण्यासाठी आहे की चालण्यासाठी? अशा ठेंगण्या सीटवर पेडल खाली गेले तरी गुडघा बराच वाकलेला राहतो आणि पेडल वर आले की तो जवळजवळ छातीशी येतो.

याचा परिणाम समजण्यासाठी एक साधा प्रयोग करा. प्रथम नेहमीच्या एका पायरीवर चढा. नंतर एकदम तीन पायऱ्यांवर पाय टाकून चढून पाहा. दुसऱ्या वेळी मांडीचे स्नायू आणि गुडघा यांवर किती ताण आला? गुडघा हा एक सांधा, म्हणजेच तरफेचा टेकू आहे. तो जितका जास्त वाकलेला, तितके बलाच्या रेषेपासून त्याचे अंतर जास्त. बल तेवढेच असले तरी अंतर वाढल्यामुळे बलाचे परिबल वाढते आणि ते पेलण्यासाठी मांडीच्या स्नायूंना अधिक जोराने आकुंचन पावावे लागते. मिनिटाला पन्नास वेळा असे होत असेल, तर रोजच्या अर्ध्या तासाच्या प्रवासात गुडघ्याला तो ताण दीड हजार वेळा सोसावा लागतो!

मग योग्य उंची कोणती? १९६७ साली हॅम्ले आणि थॉमस या इंग्लंडमधील संशोधकांनी याचा अभ्यास केला. पेडल सर्वांत खाली असताना पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के ठेवले, तर थोड्या वेळात जास्तीत जास्त काम होते, असे त्यांना दिसले. तुमची लांबी मोजणे सोपे आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन्ही पायांमध्ये एक वही आडवी धरून ती वर घट्ट टेकवा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ही लांबी ७२ सेंटिमीटर आली, तर सीटची उंची ७२ × १.०९ = सुमारे ७८.५ सेंटिमीटर.

फूटपट्टी जवळ नसेल तर आणखी सोपी रीत आहे. मित्राला सायकल धरायला सांगून सीटवर बसा. टाच पेडलवर ठेवून ते अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. प्रत्यक्ष चालवताना पेडलवर टाच नव्हे, चवडा ठेवायचा, म्हणजे गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहतो.

सीट एकदम उंच करू नका. आठवड्याला एखादा सेंटिमीटर वाढवा. सीटचा दांडा निदान ५-६ सेंटिमीटर तरी सांगाड्याच्या नळीत राहिला पाहिजे. त्यावर मर्यादेची खूण असेल तर ती बाहेर दिसता कामा नये. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकण्याची सवय करा. जे नव्याने शिकत आहेत, त्यांनी मात्र तोल साधेपर्यंत सीट खालीच ठेवावी. आणखी एक लक्षात ठेवा. तुमची उंची वाढत असते, सायकलीची नाही! तेव्हा दर सहा महिन्यांनी माप पुन्हा घ्या.

हवेची किंमत

१८८७ साली बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी एक प्रयोग केला. लाकडी चकतीभोवती हवा भरलेली रबरी नळी बसवून त्यांनी ती अंगणात घरंगळत सोडली. त्या सायकलीचे भरीव धावेचे चाकही तसेच सोडले. भरीव धावेचे चाक लवकर थांबले. हवेचे चाक पुष्कळ पुढे गेले. पुढच्या वर्षी त्यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले.

हवेमुळे हा फरक का पडतो? भरीव धाव प्रत्येक खड्याला धडकते. प्रत्येक धक्क्यात चाक आणि स्वार थोडे वर उचलले जातात आणि ती ऊर्जा वाया जाते. हवेचा टायर मात्र खडा आपल्या पोटात घेतो. हवा दाबली जाते आणि दाबण्यासाठी खर्च झालेली बरीचशी ऊर्जा ती परत करते.

पण टायर अर्धवट रिकामा असेल, तर हाच फायदा तोटा बनतो. तुमचे वजन ४२ किलो व सायकलीचे १८ किलो धरा. दोन्ही मिळून ६० किलो, म्हणजे सुमारे ६०० न्यूटन. यातील ६० टक्के भार मागच्या चाकावर येतो असे मानू. तो झाला ३६० न्यूटन. टायरमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा तीन वातावरणांनी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० न्यूटनने जास्त आहे. तर भार पेलण्यासाठी टायरचा ३६० ÷ ३० = १२ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागेल. दाब उतरून एकच वातावरण जास्त राहिला, तर तोच भाग ३६ चौरस सेंटिमीटर होईल! म्हणजे टायर तिप्पट पसरला. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग चेपतो आणि पुन्हा फुगतो. रबर प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावते. ही ऊर्जा येते कोठून? तुमच्या सकाळच्या न्याहारीतून!

पंक्चर नसतानाही हवा हळूहळू कमी होते, कारण रबराच्या रेणूंमधून हवेचे रेणू पाझरत राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा हवा भरा. किती भरायची हे बहुतेक टायरच्या बाजूवर छापलेले असते. ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून होणारी पंक्चरेही त्यामुळे टळतात.

साखळीची भाषा

सायकलीची चेन म्हणजे १८८० साली हान्स रेनोल्ड यांनी मँचेस्टरमध्ये शोधलेल्या रोलर साखळीचीच वंशज. चेन स्वच्छ आणि तेल घातलेली असेल, तर पेडलवर दिलेल्या ऊर्जेचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग ती मागच्या चाकाला पोचवते. कोरडी, गंजलेली चेन मात्र करकरते. ती करकर म्हणजे वाया जाणाऱ्या ऊर्जेचा आवाज.

तेल कोणते घालावे? घरातले गोडे तेल नको. करडईचे किंवा जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट व चिकट होते. खोबरेल तेल तर थंडीत गोठते. शिवणयंत्राचे पातळ तेल चालेल. प्रथम चिंधीने चेन पुसा, प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडा, पेडल उलटे फिरवा आणि वरचे तेल पुन्हा पुसून काढा. हे शेवटचे काम पुष्कळजण विसरतात. तेल कड्यांच्या आत हवे. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते आणि तेल-धुळीचे ते मिश्रण पॉलिशकागदासारखे लोखंड झिजवते.

चेन किती झिजली हेही तुम्हाला मोजता येईल. चेनच्या दोन लगतच्या खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच असते. म्हणजे २४ अंतरे मिळून बरोबर १२ इंच व्हायला हवीत. चेन ताणून फूटपट्टी लावा. १२ इंचांऐवजी १२⅛ इंच भरले, तर चेन बदलण्याची वेळ आली. चेन वेळेवर बदलली तर पुढचे-मागचे दाते वाचतात. नाहीतर तिन्हींचा खर्च एकदम येतो.

तुमच्या गावात चढ फार असतील, तर दात्यांचाही विचार करा. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पेडलच्या एका फेरीत मागचे चाक ४४ ÷ १८ = २.४४ फेऱ्या करते. चाकाचा परीघ २.२ मीटर असेल तर सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मागे २० दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर ती ४.८ मीटर जाईल, पण पेडलवर बलही दहा टक्के कमी लावावे लागेल. यंत्र काम वाचवत नाही. बल आणि अंतर यांची अदलाबदल तेवढी करून देते.

पाच मिनिटे आधी निघा

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. शाळा ५ किलोमीटरवर असेल, तर ताशी १५ किलोमीटर वेगाने २० मिनिटे लागतात. ताशी २० किलोमीटर वेगाने १५. वेळ वाचला पाच मिनिटे. पण हवेशी झगडण्याची शक्ती (२० ÷ १५) चा घन, म्हणजे २.४ पट लागली. घामाघूम होऊन वर्गात बसण्यापेक्षा घरून पाच मिनिटे आधी निघणे स्वस्त नाही का? आणि समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असला, तर ताशी १५ किलोमीटरनेच जाताना हवेचा विरोध चौपट होतो. अशा वेळी वाऱ्याशी भांडू नका, वेग कमी करा.

आता सर्वांत महत्त्वाचे

वरच्या गोष्टींत चूक झाली तर दमणूक होईल, पैसे जातील. ब्रेकमधल्या चुकीची किंमत मात्र फार मोठी असू शकते.

ब्रेक लावला की सायकलीचा व स्वाराचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो. बस एकदम थांबली की तुम्ही पुढे झुकता, तेच हे. मागच्या चाकावरचा भार कमी झाल्यामुळे त्याचे रस्त्याशी घर्षणही कमी होते. म्हणून नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक घसरते, सायकल थांबत नाही. नुसता पुढचा एकदम दाबला, तर मागचे चाक उचलले जाऊन स्वार हँडलवरून पुढे जाण्याची भीती. तेव्हा दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत, शरीर थोडे मागे रेलून दाबावेत. हँडलवरची कोणती लिव्हर कोणत्या चाकाची, हे आजच पाहून ठेवा.

आता हिशेब करू. वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यातच ५ मीटर संपले! पुढचे अंतर v² ÷ 2a या सूत्राने काढता येते. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेकनी ४ मी./से.² मंदन मिळाले, तर ३.१ मीटर, एकूण सुमारे ८. नुसत्या मागच्या ब्रेकने २.५ मिळाले, तर ५ मीटर, एकूण १०. पण पावसात रिम ओली होते, ब्रेकचे रबर आणि रिम यांच्यामध्ये पाण्याचा थर बसतो आणि घर्षण फार घटते. मंदन १ मी./से.² इतकेच राहिले, तर १२.५ मीटर, एकूण १७.५ मीटर! वेग निम्मा केला, तर ब्रिजवर असो वा बाजारात, हेच एकूण अंतर साडेपाच मीटरांच्या आसपास येते.

म्हणून पावसाळ्यात वेग निम्मा ठेवा. चौक किंवा उतार येण्याआधीच ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्या. ब्रेकचे रबर झिजले असेल तर ते जून उजाडण्यापूर्वी बदला. दप्तर हँडलला लटकवू नका. ते झोके घेते, हँडल जड करते आणि त्याचा पट्टा चाकाच्या तारांत अडकू शकतो. मागच्या कॅरिअरवर ते घट्ट बांधा.

करून पाहा

१. मागच्या टायरला ओला रंग लावून सायकल आलेखाच्या कागदावर उभी करा. मित्राने ती धरावी, तुम्ही बसावे. ठशातील चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. हवा भरून पुन्हा करा.

२. वारा नसताना, वाहने नसलेल्या मैदानातल्या लहानशा उतारावर एका खुणेपासून पेडल न मारता सायकल सोडा. ती सपाटीवर कोठे थांबते, तेथे खूण करा. टायर मऊ असताना आणि पूर्ण भरलेला असताना प्रत्येकी तीन वेळा करून सरासरी घ्या. डनलॉपनी अंगणात केला तो हाच प्रयोग, नव्हे का?

३. तुमच्या सायकलीचे दाते व चाकाचा परीघ मोजा. घरापासून शाळेपर्यंत पेडलच्या किती फेऱ्या होतात, ते आधी गणिताने काढा आणि मग प्रत्यक्ष मोजा. दोन्ही उत्तरांत फरक आला तर तो का, याचा विचार करा. एक सूचना देतो: उतारावर तुम्ही पेडल मारता का?