साबुदाण्याचा कंद

उपवासाच्या दिवशी आपल्या घरोघरी शिजणारा साबुदाणा हे धान्य नव्हे. पूर्वी तो मलायाकडील एका ताडाच्या गाभ्यापासून होई. दुसऱ्या महायुद्धात ही आयात खुंटली आणि तमिळनाडूतील सेलम भागात टॅपिओका अथवा कसावा या झुडपाच्या कंदापासून तो होऊ लागला. झुडूप मूळचे दक्षिण अमेरिकेतील. पोर्तुगिजांनी ते केरळात आणले. तेथे उकडलेला कंद मासळीच्या कालवणाबरोबर खातात.

काढलेला कंद दोन-तीन दिवसांतच नासू लागतो; म्हणून कारखाना शेताजवळच हवा. कंद सोलून, धुऊन, वाटून त्याचे दूध गाळतात. तळाशी बसलेल्या ओलसर पिठाचे, झोळीत हलवून, गोल दाणे करतात. ते तापलेल्या तव्यावर भाजून उन्हात वाळवितात. हेच पीठ कापडाची खळ, कागद, डिंक व ग्लुकोज यांसाठीही लागते.

कच्च्या कंदात, विशेषतः कडू जातींत, सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. तेव्हा साल काढून, तुकडे करून, भरपूर पाण्यात उकळावे आणि ते पाणी टाकून द्यावे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी पालकांस अवश्य सांगावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने त्यात नाममात्र. त्याची पेज आजाऱ्यास पचते खरी, पण वाढत्या मुलाचे त्यावर भागत नाही. खिचडीत दाण्याचे कूट सढळ घालण्याची आपली रीत या दृष्टीने चांगलीच आहे. पेजेतही पाण्याऐवजी दूध घालावे.